साहेब नसलेल्या ऑफिसात: स्वतंत्र कामात सातत्य कसं टिकवायचं

स्वतःचं काम सुरू केल्यावर पहिले काही आठवडे कुणालाच प्रेरणेची चणचण भासत नाही. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच झकास जातात. नाव ठरतं, टेबल मांडून होतं, ओळखीपाळखीच्या लोकांना कळवून होतं. मग एखाद्या सकाळी लक्षात येतं की अकरा वाजून गेलेत, अजून कशालाच हात लागलेला नाही, आणि त्याबद्दल आपल्याला कुणीही जाब विचारणार नाही. हा लेख त्या सकाळनंतरच्या दिवसांसाठी आहे.

'नोकरीत तर मी चांगला कामसू होतो, मग आता काय बिघडलं?' हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो. खरं म्हणजे नोकरीत आपल्या इच्छाशक्तीला फारसं काम पडतच नव्हतं. हजेरीची वेळ ठरलेली होती, डोक्यावर साहेब होते, 'झालं का?' म्हणून विचारणारा शेजारच्या खुर्चीतला माणूस होता, ठरल्या तारखेला पगार होता, आणि आता पुरे, घरी जा, असं सांगणारी एक वेळही होती. राजीनामा दिला त्या दिवशी साहेबांबरोबर हे सगळंच गेलं. त्यामुळे मनाला उभारी देणारं काही इथे फारसं सापडणार नाही. गेलेल्यातलं काय काय परत उभं करायचं आणि कसं, तेवढंच सांगतो. सगळं एका आठवड्यात करायला जाऊ नका. पहिल्या तीन पायऱ्या आधी पक्क्या करा, बाकीच्या सवडीने.

पायरी 1: घोडं कुठे अडलंय ते आधी बघा

काम होत नसलं की आपण स्वतःवर 'आळशी' असा शिक्का मारून मोकळे होतो. शिक्का सोयीचा असतो, कारण तो मारला की पुढे शोधायचं काही उरत नाही. पण जो माणूस एक काम चार दिवस टाळतो आणि त्याच चार दिवसांत दुसरी सहा कामं हातावेगळी करतो, तो आळशी कसा? त्या एका कामातच काहीतरी अडलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळा काम अडतं ते अंधुक असल्यामुळे. यादीत 'वेबसाइट करायची' असं लिहिलेलं असतं. हे काम नव्हेच, वीस-पंचवीस कामांचं ते गाठोडं आहे, आणि हात नेमका कुठे घालायचा हेच कळत नाही. त्याऐवजी 'आधीच्या तीन कामांचे फोटो एका फोल्डरमध्ये काढणे' असं लिहून बघा. एक साधी कसोटी आहे: यादीतली ओळ वाचल्यावर पहिल्या मिनिटात हात कुठे जाईल हे डोळ्यांसमोर येतं का? येत नसेल तर ओळ अजून बारीक करा.

दुसरं कारण भीती. कोटेशन पाठवायचं राहतं, कारण आकडा सांगायची लाज वाटते. फोन राहतो, कारण नकार ऐकावा लागेल. इथे कामाचे तुकडे करून भागत नाही, त्यातला भीतीचा भाग तेवढा वेगळा काढावा लागतो. कोटेशन आज लिहून ठेवा, पाठवा उद्या सकाळी. लिहिताना पाठवायचं नसतं आणि पाठवताना लिहायचं नसतं, त्यामुळे दोन्ही जमतात.

तिसरं कारण साधा थकवा. चौथं थोडं अवघड आहे: त्या क्लायंटवरचा राग. पैसे ठरले होते त्यापेक्षा काम वाढत चाललंय, प्रत्येक वेळी 'एक छोटासाच बदल' येतोय, आणि आपण तोंड उघडत नाही. मग हात चालत नाही. चार दिवसांची चालढकल एका स्पष्ट ईमेलने सुटताना मी पाहिली आहे: 'ठरलेल्या दोन फेऱ्या पूर्ण झाल्या आहेत. यापुढच्या दुरुस्त्यांसाठी वेगळे शुल्क लागेल, ते सोबत जोडले आहे. आपला होकार आला की लगेच सुरू करतो.' असा मजकूर तयार करून ठेवाच. ऐन वेळी सुचत नाही.

पायरी 2: किती तास ते राहू द्या, सुरुवात कधी ते ठरवा

'रोज आठ तास काम करायचं' हा संकल्प आरंभशूरांचा. तो पहिल्याच अडचणीच्या दिवशी मोडतो, आणि मोडला की 'आता आजचा दिवस गेलाच' म्हणून उरलेला दिवसही जातो. त्यापेक्षा फक्त सुरुवात ठरवा: कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कोणत्या गोष्टीपासून.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलं आहे. 'मी हे करणार' अशा नुसत्या निश्चयापेक्षा 'अमुक घडलं की मी तमुक करणार' असा बांधून घेतलेला निश्चय जास्त पार पडतो, हे त्यांचं म्हणणं. 2006 साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा 94 चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हाही या पद्धतीचा परिणाम चांगलाच ठळक दिसला. कारण समजण्यासारखं आहे. वेळ आणि जागा आधीच ठरली की त्या क्षणी मनाशी वाटाघाट करावी लागत नाही, आणि वाटाघाटीत आपण नेहमी हरतो.

तेव्हा स्वतःसाठी एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ: 'मुलं शाळेत गेली की मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून काल राहिलेल्या पानापासून सुरू करेन.' घड्याळाची वेळ नसली तरी चालते. रोज हमखास घडणारी एखादी गोष्ट खुंटी म्हणून पुरते. मग अडचणीसाठी दुसरं वाक्य: 'बसल्यावर फोन हातात घ्यावासा वाटला, तर आधी चालू परिच्छेद पूर्ण करेन.' फोन दुसऱ्या खोलीत ठेवता आला तर या दुसऱ्या वाक्याची गरजच पडत नाही, आणि मी तरी तेच सुचवेन. अ‍ॅप बंद करणारी अ‍ॅप टाकण्याची कसरत मला मुळीच पटत नाही.

मूड लागण्याची वाट बघू नका. बहुतेक दिवशी आधी हात चालतो आणि मग मूड येतो. नैराश्यावरच्या उपचारांतही हाच क्रम वापरणारी एक पद्धत आहे: बरं वाटेल तेव्हा कामाला लागू असं न म्हणता, छोट्या ठरवलेल्या कृती आधी करायच्या. तिथे तज्ज्ञ सोबत असतो हा फरक आहे, पण क्रम तोच.

पायरी 3: वाईट दिवसासाठी एक किमान माप ठेवा

सातत्याची परीक्षा चांगल्या दिवशी नसते. रात्रभर झोप नाही, घरात कुणी आजारी आहे, वीज गेलेली आहे, अशा दिवशी काय होणार हे आधी ठरलेलं हवं. प्रत्येकाने आपल्या कामाचं एक इतकं लहान माप ठरवावं की ते चुकवायला निमित्त सापडू नये. मी पुस्तकांच्या मांडणीचं आणि मुद्रितशोधनाचं काम करतो. माझं माप एक पान आहे. लिहिणाऱ्याचं एक परिच्छेद असेल, शिकवणी घेणाऱ्याचं पुढच्या तासाचा एक प्रश्न, शिवणकाम करणाऱ्याचं एक शिवण. ते झालं की दिवस झाला. खरोखर झाला, मनात खंत न ठेवता. माप गाठल्यावरही अपराधी वाटत असेल, तर ते माप नाहीच, आमिष आहे, आणि मन दोनच दिवसांत ते ओळखतं.

21 दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक साधी नवी सवय निवडायला सांगून 12 आठवडे त्यांच्या नोंदी तपासल्या. जेवणाबरोबर पाणी पिणं किंवा जेवणाआधी थोडं धावणं अशा त्या सवयी होत्या. ज्यांचा हिशेब नीट मांडता आला त्यांना सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक 66 दिसला (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त), आणि माणसामाणसातला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारख्या गोष्टीत एवढं अंतर, तर रोज एकट्याने बसून काम करणं किती दिवसांत अंगवळणी पडेल याचा आकडा कुणी सांगत असेल तर खुशाल सोडून द्या. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे: मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. तेव्हा एक दिवस बुडाला तर बुडाला. लागोपाठचा दुसरा दिवस तेवढा सांभाळा, आणि त्यासाठीच ते किमान माप आहे.

पायरी 4: आठवड्यात तीन जातींची कामं बसवा

स्वतंत्र काम करणाऱ्याकडे एकच काम कधीच नसतं. एक, ज्याचे पैसे मिळतात ते. दोन, ज्यातून पुढचं काम येणार ते: जुन्या क्लायंटला संपर्क, नव्यांना नमुने, कोटेशनचा पाठपुरावा. तीन, घरातल्या झाडलोटीसारखं: बिलं, हिशेब, कर, फाइली, बॅकअप.

पहिल्या जातीला डेडलाइन असते, त्यामुळे ते कसंबसं होतंच. तिसरं राहिलं तर दंड लागतो किंवा कुणीतरी आठवण करतं. दुसऱ्याचं मात्र कुणीच नसतं. ते आज केलं नाही म्हणून आज काहीच बिघडत नाही. ओळख, बोलणी, कोटेशन, होकार, काम, बिल आणि मग पैसे, या साखळीत कित्येक आठवडे जातात. म्हणून कामाच्या गर्दीत आपण पाठपुरावा सोडतो, दोन-अडीच महिन्यांनी अचानक सामसूम होते, आणि तेव्हा वाटतं की नशीब फिरलं. स्वतंत्र काम करणारे जितके लोक खचताना पाहिले, त्यातले बरेच या सामसुमीत खचले. तिची तारीख त्यांनीच गर्दीच्या काळात ठरवून ठेवली होती.

उपाय कंटाळवाणा आहे. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, दिवसाच्या सुरुवातीला अर्धा तास फक्त दुसऱ्या जातीच्या कामाला. हातात कितीही काम असलं तरी. खरं तर हातात काम असतानाच, कारण तेव्हा आपल्या आवाजात गरज ऐकू येत नाही आणि दरही धीराने सांगता येतो. या अर्ध्या तासात काय करायचं हा प्रश्न पडू नये म्हणून एक तक्ता ठेवा, चार रकान्यांचा: नाव, शेवटचं बोलणं कधी, काय ठरलं, पुढचा संपर्क कधी. वहीतही चालतो. निरोप असा: 'नमस्कार, मार्चमध्ये आपण वार्षिक अहवालाच्या मांडणीबद्दल बोललो होतो. यंदाच्या अहवालाची तयारी सुरू झाली असेल तर सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे माझ्याकडे मोकळे आहेत.' यात लाचारी नाही, उगाच गोडवाही नाही. समोरच्याला हो किंवा नाही म्हणणं सोपं जातं, आणि बऱ्याचदा तो 'बरं झालं आठवण केलीत' म्हणतो.

तिसऱ्या जातीचं काम दिवसाच्या शेवटी, डोकं चालत नसतं तेव्हा करा. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. फक्त बिल काम झालं त्याच दिवशी पाठवा.

पायरी 5: अंदाज मोजून करा

रोज संध्याकाळी यादीतली निम्मी कामं शिल्लक राहत असतील तर कुणाचाही धीर सुटेल. पण तेव्हा दोष बहुतेक वेळा कामाच्या वेगाचा नसतो, यादीचा असतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज साधारण 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. सगळं वाईटात वाईट घडलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं. तो अंदाजही 49 च्या आत होता. म्हणजे जे वाईटात वाईट म्हणून धरलं होतं, वास्तव त्याच्याही पुढे गेलं.

नुसतं 'जरा जास्त धरूया' म्हणून हे सुधारत नाही. मागच्या कामांना प्रत्यक्ष किती वेळ लागला त्याच्या नोंदी लागतात. महिनाभर प्रत्येक कामाशेजारी दोन आकडे लिहा: अंदाज आणि प्रत्यक्ष. महिन्याअखेर तुमचा स्वतःचा गुणक कळेल. कुणाचा दीडपट असतो, कुणाचा दुप्पट. पुढच्या अंदाजाला त्याने गुणा आणि मगच क्लायंटला तारीख द्या. दिवसाच्या यादीत तीनच कामं लिहायची सवयही इथूनच लागते.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या 238 जणांच्या जवळजवळ 12,000 रोजच्या नोंदी तपासल्या होत्या. कामाचा दिवस चांगला वाटण्यामागे सगळ्यात जास्त वेळा एकच गोष्ट सापडली: हातातल्या महत्त्वाच्या कामात थोडी का होईना, प्रगती झालेली असणं. नोकरीत ही प्रगती कुणीतरी दुसरा बघत असतो. एकट्याच्या कामात ती लिहून ठेवली नाही तर आपल्यालाही दिसत नाही.

पायरी 6: विचारणारा एक माणूस शोधा

तो क्लायंट नको आणि शक्यतो घरातलंही कुणी नको. घरच्यांनी 'झालं का?' विचारलं की त्यात काळजी मिसळते, उत्तरात चिडचिड मिसळते, आणि काम बाजूला राहतं. आपल्यासारखंच स्वतंत्र काम करणारं कुणीतरी बघा. धंदा एकच असायला हवा असं नाही. वेगळा असला तर तुलना होत नाही, ते उलट बरंच.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा-वीस मिनिटांचा फोन. तीन प्रश्न पुरतात: मागच्या आठवड्यात काय करणार होतास, काय झालं, पुढच्या आठवड्यात काय? सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नाहीतर दोन फोननंतर दोघांपैकी एकजण गुरुजी होतो आणि दुसरा फोन टाळायला लागतो.

मोठ्या कामात क्लायंटलाही थोडं वापरता येतं. शेवटच्या तारखेशिवाय मधल्या दोन तारखा आपणहून द्या: 'पहिली तीन प्रकरणं 10 तारखेला दाखवतो.' त्यांना भरवसा वाटतो, आपल्याला डेडलाइन मिळते.

पायरी 7: दिवस बंद करा

सुरुवातीचा उपदेश सगळे करतात, शेवटाबद्दल फार कमी बोललं जातं. घरून काम करणाऱ्याचा दिवस संपतच नाही. अर्धवट लक्ष ठेवून तो रात्रीपर्यंत लांबतो, आणि दुसऱ्या सकाळी टेबलाकडे जायचा कंटाळा येतो, कारण आपण तिथून उठलोच नव्हतो. एका कामातून दुसऱ्याकडे वळलं तरी पहिल्याचा काही अंश डोक्यात रेंगाळतो, असं सोफी लेरॉय यांनी 2009 साली दाखवून दिलं. अडलेलं काम कुठे आणि कसं पुढे न्यायचं हे लिहून ठेवलं की हे रेंगाळणं कमी होतं, असंही त्यांच्या नंतरच्या कामातून दिसतं.

म्हणून उठण्याआधी दोन ओळी लिहा. माझ्या टेबलावरची चिठ्ठी साधारण अशी असते: 'पान 114. दुसरा तक्ता, तिसरा स्तंभ, बेरीज जुळत नाही. मूळ हस्तलिखिताशी ताडणे. नाही जुळली तर लेखकाला विचारणे, मजकूर ड्राफ्टमध्ये आहे.' सकाळी विचार करावा लागत नाही. चिठ्ठी वाचायची आणि तिसऱ्या स्तंभावर बोट ठेवायचं. जमलं तर काम अशा जागी थांबवा जिथे पुढचं पाऊल माहीत आहे. प्रकरण पूर्ण करूनच उठण्याचा मोह असतो, पण मग सकाळी कोऱ्या पानासमोर बसावं लागतं.

पैशाबद्दल थोडक्यात. मिळकत कधी भरपूर, कधी शून्य, या चढउतारात मन शांत राहणं कठीण आहे, आणि बऱ्याचदा ज्याला आपण प्रेरणा गेली म्हणतो ती पैशाची काळजी असते. येणारे सगळे पैसे एका वेगळ्या खात्यात घ्या आणि तिथून दर महिन्याच्या ठरल्या तारखेला स्वतःला ठरावीक पगार द्या. चांगल्या महिन्यातही तेवढाच. कराचा वाटा पैसे आले त्याच दिवशी बाजूला काढा. नोकरीत आपल्याला नेमकी हीच गोष्ट आयती मिळत होती.

गाडी रुळावरून घसरली तर

घसरतेच. आजारपण, प्रवास, लग्नकार्य, एखादं वाईट पुनरावलोकन, काहीही निमित्त पुरतं. आधी एक बघा: उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त सलग टिकला असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तिथे वेळापत्रकाचा उपयोग नाही.

तसं काही नसेल तर परत येण्याचा पहिला दिवस मुद्दाम हलका ठेवा. राहिलेल्या सगळ्या कामांची यादी त्या दिवशी करू नका, ती बघूनच माणूस पुन्हा झोपतो. ज्यांना उत्तर द्यायचं राहिलं आहे त्यांना आधी दोन ओळी लिहा, आणि कारणांची लांबण लावू नका: 'उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. काम शुक्रवारपर्यंत पूर्ण करून पाठवतो.' शुक्रवार लिहिताना आपला गुणक आठवा, गरज वाटली तर सोमवार लिहा. मग शेवटची चिठ्ठी शोधा, किमान माप पूर्ण करा आणि उठा. यादी दुसऱ्या दिवशी.